झोपेची राखण

दुपारी ४.००

गजराच्या आधीच जाग येते. खोलीत मिट्ट काळोख आहे. खिडकीचा पडदा दुपदरी, त्याला आतून काळ्या जाड कापडाचं अस्तर. पलीकडे डोंबिवलीची दुपार चालू आहे, शाळेच्या बसचा हॉर्न, भंगारवाल्याची आरोळी. इथे मात्र रात्र. नाईट ड्युटीच्या दिवसांत माझी रात्र सकाळी दहाला सुरू होते आणि दुपारी चारला संपते.

उठल्या उठल्या कामाला लागत नाही. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसते. पावलं जमिनीवर, डावा हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. मग बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळून बटण दाबते. १२६ बाय ८०. वहीत तारीख आणि वेळ टाकून आकडा लिहिते. शेजारच्या रकान्यात दुसरा आकडा, किती तास झोपले. आज पावणेसहा.

मी सोळा वर्षं नर्स आहे. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, काम करते आहे. महिन्याला आठ-दहा नाईट असतात. रात्री आठ ते सकाळी आठ. चार रात्री सलग, मग नाईट ऑफ. आज चारातली दुसरी.

ही वही चार वर्षांपूर्वी नव्हती. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत माझं बीपी १४८ बाय ९४ निघालं. मी म्हटलं, जिने चढून आले म्हणून असेल. पुन्हा मोजलं तेव्हा म्हटलं, रात्रभर जागी आहे म्हणून असेल. तिसऱ्यांदा आमच्या विभागातल्या डॉक्टर मॅडमनी काही ऐकून न घेता माझ्या दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधलं. कमरेला छोटी डबी, दंडाला पट्टा. जागेपणी दर अर्ध्या तासाने आणि झोपेत दर तासाने तो आपोआप फुगायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा आलेख निघाला.

असे आलेख मी पेशंटांचे कितीतरी पाहिले होते. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्के खाली येतं. घाटातून गाडी उतरावी तशी ती उतरण कागदावर दिसते, आणि जाग येण्याच्या सुमाराला पुन्हा चढण. माझ्या कागदावर उतरणच नव्हती. एक सरळ, थोडी खडबडीत रेघ. मी झोपले होते तेही तुकड्यातुकड्याने. साडेनऊ ते अकरा, मग गॅस सिलिंडरवाला. साडेअकरा ते एक, मग लेकाची शाळा सुटली. पुन्हा पाऊण तास, मग बँकेचा फोन. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं हृदय रजाच घेत नाहीये."

हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. थांबून विश्रांती घ्यायची त्याला सोय नाही. त्याला जे मिळतं ते हलकं काम, आणि ते गाढ झोपेत मिळतं. ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. हे मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या हृदयाला ती रजा मी बारा वर्षं धड मंजूर केली नव्हती.

संध्याकाळी ५.३०

आमच्याकडे तिन्हीसांजेला झोपत नाहीत. सासूबाई देवापाशी दिवा लावायच्या आत घरात कोणी आडवं असलेलं त्यांना चालत नाही. सुरुवातीला या नियमाचा मला राग यायचा, कारण नाईटवरून आलेल्या बाईने झोपायचं तरी कधी? आता आम्ही तो नियम दोघींच्या सोयीने वळवून घेतलाय. दिवेलागणीला मी उठलेली असते, आणि त्याआधीचे सहा तास माझे. त्या सहा तासांत दाराची बेल बंद असते आणि माझा फोन त्यांच्या ताब्यात असतो.

ही व्यवस्था बसवायला वर्ष गेलं. शेजारच्या वहिनी विचारायच्या, एवढं दिवसा काय झोपायचं? नणंदेचा फोन अकरालाच यायचा. मला स्वतःलाच लाज वाटायची. स्वयंपाक उरकून, मुलाचा अभ्यास घेऊन, पापड लाटून मग नाईटला जाणाऱ्या बाईचं आपल्याकडे कौतुक होतं, आणि त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. शेवटी तो आलेख मी सासूबाईंपुढे ठेवला. त्या चौथी शिकलेल्या. मी बोट ठेवून दाखवलं, ही रेघ इथे खाली यायला हवी होती, आली नाही. त्यांनी चष्मा लावून तो कागद बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवसापासून बेलची पिन त्या स्वतः काढून ठेवू लागल्या.

आता माझं मुख्य जेवण. ज्वारीची भाकरी, मेथी, मुगाची आमटी, ताक. पोटभर, पण साडेसहाच्या आत. याचं कारण रात्री सांगते. जेवणानंतर बीपीची गोळी. झोप सुधारली म्हणून मी गोळी सोडलेली नाही, आणि कोणी सोडूही नये. दोघींचं काम वेगळं आहे.

संध्याकाळी ६.३५

मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत या वेळी बसायला मिळतं. समोरून येणाऱ्या गाड्या दारापर्यंत लगडलेल्या. त्यातल्या बायका पहाटे साडेचारला उठलेल्या असतात, डबे करून निघालेल्या असतात, आता घरी जाऊन पुन्हा ओट्याशी उभ्या राहतील आणि साडेअकराशिवाय आडव्या होणार नाहीत. पाच तास झोप. वर्षानुवर्षं. त्या नाईट करत नाहीत, पण हिशेब माझ्यासारखाच आहे. समोरच्या गाडीकडे बघताना मला त्यांचीच काळजी जास्त वाटते, कारण त्यांच्या दंडाला कोणी मशीन बांधलेलं नाही.

शिकागोच्या संशोधकांनी २००८ मध्ये छापलेल्या अभ्यासात मध्यमवयीन माणसांच्या हृदयाच्या धमन्यांचे फोटो पाच वर्षांच्या अंतराने काढून पाहिले. जवळजवळ पाचशे माणसं होती, आणि त्यांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. ज्यांची झोप एका तासाने जास्त, त्यांच्या धमन्यांत नव्याने कॅल्शियम साठण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी. धमनीतलं कॅल्शियम म्हणजे आत साचत गेलेल्या थराची खूण. या एका अभ्यासावरून झोपेमुळेच हे घडलं असं म्हणता येत नाही. पण एक तास म्हणजे काही फार मोठी मागणी नव्हे, असं मला त्या गाड्या पाहताना रोज वाटतं.

रात्री ८.००

हँडओव्हर. ईव्हिनिंगच्या सिस्टर बेडवार सांगत जातात, मी कागदावर टिपत जाते. बेड एक, बायपासनंतरचा तिसरा दिवस. बेड दोन, हार्ट फेल्युअरच्या आजी, लघवीचा हिशेब दर तासाला. बेड चार, बावन्न वर्षांचे काका, छातीत दुखतं म्हणून आलेले, ट्रॉपोनिन निगेटिव्ह म्हणजे अटॅक नाही, बीपी मात्र तीन गोळ्यांवरही चढलेलंच. इन्फ्युजन पंपांचे आकडे आम्ही दोघी मिळून वाचतो. क्रॅश कार्ट उघडून मोजते, डिफिब्रिलेटर चार्ज करून बघते.

पहिला चहा साडेआठला. दुसरा आणि शेवटचा बाराला. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात. पूर्वी मी पहाटे चारला कडक चहा घ्यायची आणि सकाळी दहाला झोप का लागत नाही म्हणून कुशी बदलत बसायची.

रात्री १०.३०

आता पेशंटांच्या झोपेची तयारी. याला मी औषधांच्या फेरीइतकंच काम मानते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आवाजावर लिहिलं आहे. तेव्हा मॉनिटर नव्हते, पंप नव्हते, मोबाइल नव्हते. आज आयसीसीयूत रात्री काय काय वाजतं याची यादी केली तर पान भरेल. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयाच्या खोलीत रात्री सरासरी तीस डेसिबल आवाज असावा असं म्हटलं आहे. तीस म्हणजे कुजबूज. आमचा एक पंप वाजला तरी त्याच्या कितीतरी वर जातो.

सगळं शांत करता येत नाही, करूही नये. पण पुष्कळ करता येतं. बेड एकच्या आजोबांची नाडी एरवीच अठ्ठेचाळीसची आहे आणि अलार्म पन्नासला लावलेला, म्हणजे तो रात्रभर उगाच ओरडणार. डॉक्टरांना विचारून मर्यादा खाली घेते. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांच्या बीपीचा पट्टा दर पंधरा मिनिटांऐवजी तासाने फुगेल असा लावते. बाराचं इंजेक्शन, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, हे एकाच फेरीत उरकते, म्हणजे माणसाला तीनदा उठवावं लागत नाही. मोठे दिवे बंद. वॉर्डातल्या मामांना सांगते, स्टुलं ओढू नका, उचला. मावशी चपला काढून मोजे घालतात, हे त्यांचं त्यांनीच सुरू केलं.

मग मी स्टेशनपाशी उभी राहून मधल्या मोठ्या स्क्रीनकडे बघते. एकेक पेशंट झोपेत उतरू लागतो तशी त्याची रेघ बदलते. ब्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर, बहात्तर. ठोक्याठोक्यातलं अंतर वाढत जातं. श्वास आत घेताना नाडी किंचित भरभर, सोडताना किंचित सावकाश, असा एक हलका झोका दिसू लागतो. आजींची नाडी सहासष्टवर आली. त्या झोपल्या. त्यांच्याकडे पाहण्याआधी मला ते स्क्रीनवर कळलं.

रात्री १.००

पूर्वी या वेळी आमची पंगत बसायची. वडापाव, फरसाण, कोणाचा वाढदिवस असला तर केक, वर थंड पेय. जागरणात भूक खवळते, आणि तीही नेमकी तळलेल्या आणि गोड पदार्थांची. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं, हे शिकागोतच २००४ साली मोजून दाखवलं गेलं. मनाचा दुबळेपणा म्हणून आम्ही एकमेकींना बोल लावायचो. तो शरीराचा हिशेब होता.

जेवणाच्या वेळेबद्दल आणखी अलीकडचं काम आहे. २०२५ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक प्रयोग छापून आला. वीस निरोगी तरुण माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना रात्रीही खायला दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांमध्ये रक्ताची गुठळी विरघळू न देणारं एक प्रथिन आणि हृदयाच्या ठोक्यांवरचा मज्जासंस्थेचा ताबा, हे दोन्ही वाईट बाजूला झुकलं. केवळ दिवसा खाणाऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. वीस माणसांच्या प्रयोगावर आयुष्य बेतू नये, हे मला कळतं. पण यात खर्च नाही आणि मला जमण्यासारखं आहे, म्हणून मी ते धरलं. साडेसहानंतर जेवण नाही. अगदीच पोटात कालवलं तर मूठभर फुटाणे आणि पाणी. नाईटच्या माझ्या जोडीदारणीला मधुमेह आहे, ती तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी खाते. तिने माझं अनुकरण करू नये असं मी तिला बजावलं आहे.

रात्री २.१०

बेड चारच्या काकांचं घोरणं आता आयसीसीयूभर ऐकू येतंय. बाकीचे वैतागले असतील. मी मात्र खुर्ची उचलून त्यांच्या पायथ्याशी बसते, कारण मला घोरणं नव्हे, ते थांबणं ऐकायचं आहे.

घोरणं चढत जातं, घसा ओरबाडल्यासारखं होतं, आणि एकदम शांतता. छाती वर-खाली होते आहे, पोट ओढलं जातंय, पण नाकातोंडातून हवा नाही. मी घड्याळाकडे बघते. दहा सेकंद. वीस. मॉनिटरवरचं प्राणवायूचं सॅच्युरेशन थोड्या उशिराने खाली यायला लागतं. शहाण्णव, त्र्याण्णव, एकोणनव्वद. तीस सेकंद. चौऱ्याऐंशी. नाडी अठ्ठावन्नवर. मग काकांचं सगळं अंग हलतं, गाडी सुरू होताना हिसका बसावा तसं, आणि मोठ्या गुरगुराटाने हवा आत जाते. नाडी उडी मारून शंभरावर. मी हाताने पट्टा फुगवते. १७८ बाय १०२. काका झोपेतच. त्यांना यातलं काहीही ठाऊक नाही. दीड मिनिटाने पुन्हा तेच.

मी कागदावर रेघा ओढत जाते. अर्ध्या तासात सतरा.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. जिभेमागची जागा झोपेत मिटते, श्वास अडतो, प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून शरीराला अ‍ॅड्रेनलिन सोडायला लावतो आणि माणूस न कळता जागा होतो. रात्रभरात शेकडो वेळा. काका घरी आठ तास झोपतात, काकू तसं अभिमानाने सांगतात, अगदी ढाराढूर. हृदयाच्या बाजूने पाहिलं तर ते रात्रभर जिने चढत-उतरत असतात. तीन गोळ्यांना न बधणारं बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, दिवसा टीव्हीसमोर डुलकी, जाड मान, ही सगळी एका घरची माणसं. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा समज किती जणांना महागात पडला असेल, याची मोजदाद नाही.

काकांना एका कुशीवर वळवते, पाठीशी उशी लावते, डोक्याकडची बाजू उंच करते. श्वास अडायचं प्रमाण बरंच कमी होतं. स्ट्रिप प्रिंट करून फाइलला लावते, रात्रीच्या निवासी डॉक्टरांना, म्हणजे आरएमओंना दाखवते. ते सकाळच्या राउंडसाठी लिहितात, स्लीप स्टडी. पुढे मास्कचं मशीन लागलं तर श्वास मोकळा राहील, बीपी थोडं तरी उतरेल. मी ड्युटीवर आले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना झोपेची गोळी देता का? बरं झालं दिली नाही. असा श्वास अडणाऱ्या माणसाला झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं आहे.

पहाटे ३.१५

माझी पाळी. आमच्या इनचार्ज सिस्टरनी वेळ बांधून दिली आहे. एकीने अर्धा तास पडायचं, दुसरीने दोघींचे बेड बघायचे, मग उलट. आधी मी जिथे काम करायची तिथे नाईटला डोळा मिटणं हा गुन्हा होता. नाईट संपवून दुसऱ्याच दिवशी सकाळची ड्युटी लावायचे, आणि तक्रार केली तर ड्युटीलिस्ट आणखी वाईट यायची. इथे मॉर्निंग, मग ईव्हिनिंग, मग नाईट अशा क्रमाने पाळ्या पुढे सरकतात. शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून हा क्रम.

अर्धा तासच. जास्त झोपलं की गाढ झोपेतून उठताना डोकं जड राहतं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं हातून चूक व्हायची भीती. उठल्यावर तोंडावर पाणी मारते आणि लगेच कुठलंही औषध भरत नाही.

पहाटे ४.३०

ही सगळ्यात वाईट वेळ. शरीराचं तापमान सर्वात खाली, डोळ्यांत वाळू. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा पंप बदलायचा आहे. मी मोठ्याने वाचते, जोडीदारीण मोठ्याने वाचते, मगच बटण.

पहाटे ५.४०

कॅज्युअल्टीतून फोन. मोठा अटॅक आहे, पेशंट कॅथलॅबमध्ये जातोय, बेड तयार ठेवा.

पहाटेनंतरचे हे तास आमच्या ओळखीचे. जेम्स मुलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की हृदयविकाराचा झटका चोवीस तासांत सारखा विखुरलेला नसतो. सकाळी नऊच्या सुमाराला त्याचं प्रमाण सर्वाधिक, रात्री अकराच्या तिप्पट. जाग येताना शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं, बीपी चढतं, रक्त घट्ट होण्याकडे झुकतं. झोप पुरी झालेली असेल तर ही चढण सोसते. आधीच तणावलेल्या धमनीला ती जड जाते.

सात वाजता तो वर येतो. चव्वेचाळीस वर्षांचा. बंद पडलेली धमनी दारातून आत आल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत उघडली गेली, स्टेंट बसला. मनगटाला पट्टी, ओठ कोरडे. "सिस्टर, मला वाटलं पित्त आहे," एवढंच म्हणतो. बाहेर बायको उभी आहे. ती सांगते, सोसायटीत वॉचमन, रात्रीचे बारा तास. गेलं दीड वर्ष दिवसा दुसऱ्या ठिकाणीही सहा तास, मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी. तंबाखू आहे. साखर कधी तपासली नाही. झोप? ती थोडं थांबते. "तीन तास. कधी चार. खुर्चीत."

अटॅकला कधीच एक कारण नसतं. तंबाखू आहे, न तपासलेली साखर आहे, नशीबही असेल. पण आमच्या हिस्ट्रीच्या छापील कागदावर तंबाखू, दारू, मधुमेह, बीपी, घराण्यात कोणाला, या सगळ्याला रकाने आहेत. झोपेला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदय राखण्याच्या आपल्या सात गोष्टींत आठवी म्हणून झोप घातली, मोठ्या माणसाला सात ते नऊ तास. आमचा कागद जुना आहे. मी समासात लिहिते: घरी झोप ३-४ तास, १८ तास काम. राउंडला डॉक्टर तिथे बोट ठेवून विचारतात. गेल्या महिन्यापासून दोघी ज्युनियरही समासात लिहायला लागल्यात.

त्याला सात तास झोप असं लिहून देणं सोपं आहे. मुलीची फी कोण भरणार, हे कागदावर लिहिता येत नाही. सोशल वर्करचं नाव आणि खोलीचा नंबर मी त्याच्या बायकोला चिठ्ठीवर लिहून देते. एखाद्या आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च सुटला तर निदान कर्जासाठी आणखी एक पाळी करावी लागू नये.

सकाळी ८.४५

हँडओव्हर देऊन निघाले. बाहेर पडायच्या आधी गडद काळा चष्मा लावते. ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूतलं घड्याळ समजतं, सकाळ झाली, आणि पुढे झोप तुटते. शरीराचं हे घड्याळ पेशीपेशीत कसं चालतं ते शोधल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. ते घड्याळ माझ्या ड्युटीलिस्टप्रमाणे सहजी फिरत नाही. मी त्याला थोडं फसवते, एवढंच.

काल चारला उठले, आता पावणेनऊ. मधला अर्धा तास सोडला तर जवळपास सतरा तास जागी आहे. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये मोजलं गेलं की सतरा तास जागरणानंतर हाताडोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं ढासळतं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३. म्हणून स्टेशनपासून घरी मी स्कूटर आणत नाही. शेअर रिक्षा.

गाडीत खिडकी मिळते. या वेळी मनात हटकून ते अमेरिकन नर्सेसचे आकडे येतात. १९७६ पासून तिथे हजारो नर्सेस दर दोन वर्षांनी आपल्या तब्येतीची माहिती कळवत आल्या आहेत. त्यातून २०१६ मध्ये निघालं की दहा किंवा जास्त वर्षं फिरत्या नाईट केलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका पंधरा ते अठरा टक्क्यांनी जास्त. माझी सोळा झाली आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर छातीवर हात ठेवून होते. त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की नाईट सोडून जितका काळ लोटतो तितका तो धोका उतरत जातो. शरीर वसूल करतं तसं काही परतही देतं. माझ्या नाईट कधी सुटतील ठाऊक नाही. आयसीसीयू रात्री बंद ठेवता येत नाही, कोणाला तरी जागावंच लागणार. जागणाऱ्याची झोप घराने आणि रुग्णालयाने मिळून राखली पाहिजे, एवढं मी आता जिथे बोलायची वेळ येते तिथे बोलते. युनियनच्या बैठकीतसुद्धा.

सकाळी ९.५०

दोन इडल्या, एक केळं. चहा नाही. आंघोळ कोमट पाण्याची. फोन सासूबाईंच्या हातात देते. त्या तो वाटाण्यांच्या परडीखाली ठेवतात. बेलची पिन आधीच काढलेली आहे.

खोलीत पंखा तीनवर, पडदा ओढलेला. गजर चारचा. डाव्या कुशीवर वळते आणि मनगटावर बोट ठेवते, सोळा वर्षांची सवय. चौऱ्याऐंशी. वॉचमनच्या बायकोने चिठ्ठी नीट ठेवली असेल ना? एकोणऐंशी. चारच्या काकांचा राउंड झाला असेल.

बाहेर जिन्यावर पावलं वाजतात. कोणीतरी दार ठोठावतं, एकदाच. खुर्ची सरकत नाही, उचलली जाते. मग सासूबाईंचा आवाज, अगदी खालचा, आयसीसीयूत आम्ही बोलतो तसा.

"हळू रे बाबा. पार्सल इथेच ठेव. सही मी करते. आमची रात्रपाळीची आत्ताच आडवी झालीये."

पेन कागदावर चालल्याचा आवाज. चौऱ्याहत्तर. मग वाटाण्याची एक शेंग मोडते.